साध्या पगारात भाड्याने द्यायला पहिलं घर: माझा हिशोब कुठे चुकतोय?

पगारदार३१

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

नोकरीला ९ वर्षं झाली. पगार चारचौघांसारखा, वेळेवर येतो एवढंच. आईवडिलांच्या घरात राहतो त्यामुळे दर महिन्याला बऱ्यापैकी शिल्लक पडते आणि आता वाटतंय की एक छोटा फ्लॅट घ्यावा, भाड्याने द्यावा, भाडं हप्त्यात जाईल, वरचे थोडे मी पगारातून घालेन आणि २० वर्षांनी घर माझं. ऐकायला सोपं वाटतं म्हणूनच जरा भीती वाटतेय.

खरे आकडे टाकत नाही, प्रमाण सांगतो. घराची किंमत १०० धरा. माझा हातात येणारा पगार ६० महिने जसाच्या तसा ठेवला तर १०० होतात. साठलेले आहेत २८. त्यातले २० डाऊन पेमेंटला आणि ८ मुद्रांक, नोंदणी, एजंट, रंगकाम असं सगळं धरून. कर्ज ८०, व्याज ९ टक्के, मुदत २० वर्षं, हप्ता महिन्याला ०.७२ येतो. भाडं ०.४० सहज मिळेल असं एजंट म्हणतोय. म्हणजे खिशातून जाणार ०.३२, पगाराच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा कमीच. बँकेनेही लगेच होकार दिला.

मी काय विसरतोय? ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज स्पष्ट सांगा, वाईट वाटून घेणार नाही.

निळी_छत्री

वाचतेय. माझाही अगदी हाच प्रश्न आहे, फक्त साठलेले तुमच्यापेक्षा कमी.

हिशेबी

पगारदार, आकडे प्रमाणात टाकलेत ते फार बरं केलंत, आता नीट बोलता येईल.

तुमचं भाडं महिना ०.४० म्हणजे वर्षाला ४.८०, पण ते बाराही महिने आलं तर. तसं येत नाही. एक भाडेकरू जातो, दुसरा येईपर्यंत मध्ये घर रिकामं, रंग काढायचा, नळ बदलायचा. वर्षाला एक महिना रिकामा धरा, गेले ०.४०. इमारतीचा मेंटेनन्स भाडेकरूकडून घेतला तरी तो भाड्यातूनच वजा होतो कारण माणूस एकूण किती द्यायचे तेच बघतो, त्याचे ०.५० धरा. घरपट्टी आणि विमा मिळून ०.२५. दुरुस्ती ०.५०, आणि हा खर्च दरवर्षी सारखा येत नाही, तीन वर्षं काहीच नाही आणि चौथ्या वर्षी तिन्हीचा वचपा काढतो, म्हणून दरवर्षी बाजूला टाकायचाच. एजंटची अर्ध्या महिन्याची दलाली ०.२०. बेरीज १.८५.

४.८० मधून १.८५ गेले, उरले २.९५. हे तुमचं खरं भाडं. यावर प्राप्तिकर जिथला जसा असेल तसा वेगळा, तो मी धरलेलाच नाही.

आता हप्ता वर्षाला ८.६४. त्यातून २.९५ वजा करा, ५.६९ राहतात, महिन्याला ०.४७. तुम्ही ०.३२ धरलेत. म्हणजे खिशातून जाणारी रक्कम तुमच्या अंदाजाच्या जवळजवळ दीडपट आहे, पगाराच्या पाचव्या हिश्श्याऐवजी चौथ्या हिश्श्याच्या वर. आणि हे सगळं ठीकठाक चाललं तर.

बँकेने लगेच होकार दिला त्याचं फार मनावर घेऊ नका. बँकेने तुमचा पगार बघितला, घराची कमाई नाही. धंद्याला कर्ज देताना बँका बघतात की धंद्याची निव्वळ कमाई हप्त्याच्या निदान सव्वापट तरी आहे ना. तुमच्या घराचं ते गुणोत्तर २.९५ भागिले ८.६४, म्हणजे ०.३४. स्वतःच्या पायावर हे घर हप्त्याचा एक तृतीयांश भार उचलतं, बाकीचा सगळा तुमची नोकरी उचलते. नोकरी गेली तर दोन्ही एकदम जातं, हे डोक्यात असू द्या.

कौलारू

हिशेबी यांचे आकडे बरोबर असतील पण चित्र फार काळं रंगवलंय असं मला वाटतं. मी १७ वर्षांपूर्वी असंच घर घेतलं. पहिली काही वर्षं खिशातून भरलं, खोटं कशाला सांगू, काही महिने ओढाताण झाली. पण हप्ता तोच राहिला आणि भाडं वाढत गेलं, बारा-तेरा वर्षांनी भाड्यातूनच हप्ता निघायला लागला. आणि दर महिन्याला सक्तीने बचत झाली, नाहीतर माझ्या हातून पैसे उडाले असते हे मी मान्य करतो. आकडे बघत बसलं तर माणूस कधीच काही घेणार नाही, दादा.

हिशेबी

कौलारू, मुद्दा महत्त्वाचा आहे म्हणून गणित करून बघितलं. निव्वळ भाडं २.९५ आहे आणि ते दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढलं तर ८.६४ ला पोचायला २२ वर्षं लागतात. कर्ज २० वर्षांचं आहे. म्हणजे कर्ज फिटेपर्यंत भाडं हप्त्याला गाठतच नाही. ८ टक्क्यांनी वाढलं तर १४ वर्षं, पण इतकी वर्षं सलग ८ टक्के वाढ मी तरी गृहीत धरणार नाही.

तुम्हाला बारा-तेरा वर्षांत जमलं म्हणजे एकतर तुम्ही घर स्वस्तात घेतलं किंवा कर्ज कमी काढलं. कोणतं?

कौलारू

कर्ज निम्मंच होतं. जुनी एक जमीन विकली होती त्याचे पैसे घातले होते. हा फरक लक्षात आला नव्हता.

हिशेबी

मग बरोबर जुळतं. ५० कर्ज असतं तर हप्ता वर्षाला ५.४०, आणि ५ टक्के वाढीने भाडं तिथे साधारण १२ ते १३ वर्षांत पोचतं. तुमचा अनुभव खराच आहे, फक्त तो निम्म्या कर्जाचा अनुभव आहे, आणि धागाकर्ता ८० टक्के कर्ज काढायला निघालाय.

या घराला पहिल्या दिवसापासून स्वतःचा हप्ता स्वतः भरता यायचा असेल तर कर्ज २७ च्या वर जाता कामा नये. पगारदार माणसाने ७३ रोख कुठून आणायचे, हे मलाही कळतं. मुद्दा एवढाच की २७ आणि ८० यांच्यातलं जे अंतर आहे ते दर महिन्याला तुमचा पगार भरून काढणार आहे.

पगारदार३१

बापरे. मी मेंटेनन्स आणि रिकामा महिना दोन्ही धरले नव्हते. पण एक शंका, किंमत पण वाढेल ना? ५ टक्के वाढली तरी १०० वर ५ म्हणजे माझ्या २८ वर जवळजवळ १८ टक्के, असं एका व्हिडिओत दाखवलं होतं.

हिशेबी

त्या व्हिडिओने अर्धंच गणित दाखवलं. पूर्ण करू.

पहिल्या वर्षी तुम्ही हप्त्यात ८.६४ भरता. त्यातले ७.१४ व्याज आणि फक्त १.५० मुद्दल. सुरुवातीला हप्त्यातला बहुतेक पैसा व्याजातच जातो, १० वर्षं नियमित भरल्यावरही ८० पैकी जवळजवळ ५७ बाकी असतात, बँकेकडून तक्ता मागून घ्या आणि डोळ्यांनी बघा.

आता वर्षाचा हिशोब. घराची किंमत वाढली ५, निव्वळ भाडं २.९५, एकूण ७.९५. व्याज गेलं ७.१४. हातात राहिले ०.८१. तुमच्या २८ वर ते ३ टक्केसुद्धा नाहीत. हेच पैसे मुदत ठेवीत असते तर झोप तरी शांत लागली असती.

निव्वळ भाडं अधिक किंमतवाढ ही कर्जाच्या व्याजापेक्षा जास्त असेल तरच उसना पैसा तुमच्यासाठी काम करतो, कमी असेल तर तुम्ही त्याच्यासाठी काम करता. आणि किंमत १० टक्क्यांनी पडली तर? १०० चे ९०, कर्ज तेवढंच, तुमचे डाऊन पेमेंटचे २० होते ते १० राहिले. निम्मे गेले.

निळी_छत्री

पण घरांच्या किमती लांबच्या काळात कधी पडतात का हो? आमच्याकडे सगळे म्हणतात जमीन काही नवीन तयार होत नाही.

वाचनवेडा_का

यावर थोडं लिहितो कारण हा विषय मी बराच वाचलाय.

अमेरिकेचे अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट शिलर, ज्यांना २०१३ मध्ये नोबेल मिळालं, त्यांनी तिथल्या घरांच्या किमती १८९० पासून जमवल्या. महागाई वजा केली तर १८९० ते १९९० या शंभर वर्षांत किमती जवळजवळ हलल्याच नाहीत. जपानमध्ये १९९० च्या सुमारास जमिनीचा फुगा फुटला आणि त्यानंतर राहत्या जमिनीच्या किमती दीड दशक घसरत राहिल्या, ज्यांनी शिखरावर घेतलं त्यांची उमेदीची वर्षं त्यात गेली. तिथेही जमीन नवीन तयार होत नव्हतीच. २००८ च्या सुमारास अमेरिकेत घरांच्या किमती कोसळल्या ते तर सगळ्यांना ठाऊक आहे.

आता दुसरी बाजू, कारण एकच बाजू सांगणं बरोबर नाही. १६ प्रगत देशांचा १८७० ते २०१५ असा एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात घरांचा दीर्घकालीन परतावा शेअर्सच्या तोडीस तोड निघाला आणि चढउतार कमी. पण त्यात एक गोष्ट बहुतेक लोक वाचतच नाहीत. महागाई वजा केल्यावर तो परतावा मुख्यतः भाड्यातून आलेला आहे, किंमतवाढीतून नाही. आणि ती सगळ्या देशाच्या घरांची सरासरी आहे. तुमच्याकडे देश नाहीये, एक फ्लॅट आहे, एका रस्त्यावरचा. त्या रस्त्यासमोर उड्डाणपूल झाला तर सरासरी तुमच्या मदतीला येत नाही.

म्हणून मी भाड्याकडे आधी बघेन आणि किंमतवाढ मिळाली तर मिळाली.

हिशेबी

वाचनवेडा यांना अनुमोदन.

जुनी_किल्ली

मी इथे फारसं लिहीत नाही पण हा धागा वाचून राहवलं नाही.

आम्ही दोघांनी सात वर्षांपूर्वी अगदी तुमच्यासारखंच केलं होतं. साठलेलं सगळं डाऊन पेमेंटला घातलं, खात्यात दोन महिन्यांचा खर्च राहिला तेवढाच. पहिला भाडेकरू छान होता, दीड वर्ष राहिला, आम्हाला वाटलं जमलं आता. मग त्याची बदली झाली आणि घर चार महिने रिकामं. चार महिने म्हणजे चार पूर्ण हप्ते, भाड्याशिवाय, वर मेंटेनन्स. तिसऱ्या महिन्यात बाथरूमची पाइपलाइन भिंतीच्या आत गळायला लागली आणि घर बंद असल्यामुळे आम्हाला कळलंच नाही, खालच्यांच्या छताला पोपडे आले तेव्हा त्यांचा फोन आला. भिंत फोडली, पाइप बदलला, वॉटरप्रूफिंग केलं, खालच्यांचं छत करून दिलं, त्यांचा काहीच दोष नव्हता.

पैसे नव्हते. पर्सनल लोन काढलं, घरकर्जाच्या दीडपट व्याजाने. तेवढ्यात घरकर्जाचा दर वाढला. मग घाईने जो मिळाला तो भाडेकरू ठेवला, चौकशी न करता, कारण आम्हाला महिन्याअखेर भाडं हवं होतं. त्याने पाच महिन्यांत दोनदा भाडं दिलं. पुढचं लिहीत नाही.

शेवटी विकलं. कागदावर किंमत वाढलेली होती, पण व्याज आणि बाकी सगळं धरलं तर आमचे पैसे गेले. मला अजूनही वाटतं घर वाईट नव्हतं, जागा चांगली होती. आमच्याकडे सहा महिन्यांचे हप्ते बाजूला असते तर आम्ही ते चार महिने शांतपणे काढले असते, चांगला भाडेकरू शोधला असता आणि आज ते घर आमचं असतं. ती एक राखीव रक्कम नव्हती, त्यानेच आम्हाला मारलं.

पगारदार, तुम्ही २८ च्या २८ घालताय. कृपा करून असं करू नका.

पगारदार३१

ताई, मनापासून आभार. हे लिहिणं सोपं नसणार. राखीव रकमेचा विचार मी खरंच केला नव्हता, माझ्या डोक्यात पगार म्हणजेच राखीव रक्कम असं होतं.

अबोली

जुनी_किल्ली, किती प्रामाणिक लिहिलंत.

मी फक्त व्याजदराबद्दल एक जोडते, मी कर्जविभागात काम केलंय. दर वाढला की अनेकदा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली जाते, ग्राहकाला बरं वाटतं की हप्ता वाढला नाही. वरच्याच उदाहरणात दर ९ वरून १०.५ झाला आणि हप्ता ०.७२ च ठेवला तर २० वर्षांचं कर्ज ३४ वर्षांच्या वर जातं. टायपो नाहीये. कारण ८० वर महिन्याचं व्याजच ०.७० होतं, मुद्दलाला काही उरतच नाही. त्यामुळे दर बदलल्याचं पत्र आलं की मुदत किती झाली ते आधी बघा आणि जमत असेल तर हप्ता वाढवून घ्या.

आणि घर घेण्याआधीच, आत्ताच्या दराच्या दीड-दोन टक्के वर हप्ता काढून बघा. तो झेपत नसेल तर आत्ताचाही झेपत नाही असं समजा.

शांत_भाडेकरू

गेली ११ वर्षं मी भाड्याने राहतोय, चार घरं झाली. भाडेकरूच्या बाजूने कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

घरमालक लोक भाडं किती येणार याचा फार विचार करतात आणि भाडेकरू किती दिवस टिकणार याचा कमी. वरच्या हिशोबात एक रिकामा महिना म्हणजे वर्षाच्या भाड्याचे ८ टक्क्यांहून जास्त. मालकाने ८ टक्के भाडं वाढवायचा हट्ट धरला आणि मी निघून गेलो तर त्याची पहिल्या वर्षाची सगळी वाढ त्या एका रिकाम्या महिन्यातच संपली, दलाली आणि रंग वेगळाच. माझे तिसरे मालक, काका वयाने बरेच मोठे होते, त्यांनी पाच वर्षांत बाजारभावापेक्षा थोडं कमीच भाडं ठेवलं, पण नळ गळतोय असं कळवलं की दुसऱ्या दिवशी माणूस हजर. मी पाच वर्षांत एकदाही भाडं उशिरा दिलं नाही. त्यांचं घर पाच वर्षांत एक दिवस रिकामं राहिलं नाही.

दुसऱ्या एका मालकाने डिपॉझिट परत द्यायला सात महिने लावले कारण त्याने ते खर्च करून टाकलं होतं. डिपॉझिट तुमचं नसतं हो. वेगळ्या खात्यात ठेवा आणि हात लावू नका.

आणि न सांगता येऊन दार वाजवू नका, ते घर तुमच्या नावावर असलं तरी राहतोय तो माणूस.

कौलारू

शांत_भाडेकरू यांच्याशी शंभर टक्के सहमत. माझ्याकडे एक कुटुंब नऊ वर्षं आहे, मी दरवर्षी वाढ ठरलेली करारात लिहिलीय, त्यामुळे दरवेळी तो अवघड संवाद करावा लागत नाही.

करार मात्र नेहमी नोंदणीकृत किंवा जिथे घर आहे तिथल्या कायद्याने जसा लागतो तसाच करा. ओळखीचा आहे, कशाला कागद, असं म्हणून मी एकदा फसता फसता वाचलोय. घरात काय काय दिलं, मीटरचं रीडिंग किती, भिंतींचे फोटो, हे सगळं पहिल्या दिवशी दोघांच्या सहीने. भाडेकरूचं कामाचं ठिकाण आणि आधीच्या मालकाचा नंबर मागा आणि खरंच फोन करा. आधीच्या मालकाला एकच विचारायचं, पुन्हा त्यांनाच घर द्याल का? उत्तर द्यायला जो वेळ घेतील त्यातच सगळं कळतं.

मधला_मजला

कुणी अजून हे सुचवलं नाही म्हणून. घर विकत घ्यायच्या आधी घरमालक होऊन बघता येतं. आमच्या घरात वरची एक खोली स्वतंत्र जिन्याची होती, तिला छोटं बाथरूम काढलं आणि एका नोकरदार मुलीला दिली. खर्च फ्लॅटच्या डाऊन पेमेंटच्या पासंगालाही पुरणार नाही एवढा. त्यात मी करार शिकले, भाडं मागायला लाज वाटते ती गेली, रात्री दहाला गीझर बंद पडला तर काय करायचं ते शिकले. आणि हेही कळलं की मला हे काम आवडतं. माझ्या भावाने तेच केलं आणि त्याला सहा महिन्यांत कळलं की त्याला अजिबात आवडत नाही, त्याचे किती पैसे वाचले बघा.

एकांत थोडा कमी होतो हे खरंय. घरात सगळ्यांना विचारूनच करा, विशेषतः आईला.

निळी_छत्री

हे मला जमण्यासारखं वाटतंय ताई! व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

अजून एक विचारू का, बांधकाम चालू असलेल्या प्रोजेक्टमध्ये घेतलं तर किंमत कमी पडते ना?

अबोली

पडते, पण तुम्ही भाड्यासाठी घेताय. ताबा मिळेपर्यंत भाडं शून्य आणि कर्जावरचं व्याज चालू. ताबा दोन वर्षं लांबला तर स्वस्त पडलेले सगळे पैसे तिथेच जातात, आणि लांबलेले ताबे मी टेबलाच्या पलीकडून खूप बघितलेत, लोक रडायचे समोर बसून. पहिलं घर, साधा पगार, भाड्याचा हेतू, अशा वेळी तयार घर घ्या ज्यात पुढच्या महिन्यात माणूस राहायला येईल.

वाचनवेडा_का

ज्यांना फक्त भाड्याच्या उत्पन्नात पैसे गुंतवायचेत आणि नळ-गीझर नकोय त्यांच्यासाठी रीट हा प्रकार आहे. अनेकांचे पैसे एकत्र करून ऑफिसं, मॉल, गोदामं घेतात आणि भाडं वाटतात. अमेरिकेत १९६० च्या कायद्याने हे सुरू झालं, तिथे करपात्र उत्पन्नाचा निदान ९० टक्के भाग गुंतवणूकदारांना वाटावाच लागतो, आणि आता अनेक देशांत आहेत. थोड्या पैशांत सुरुवात होते, हवं तेव्हा विकता येतं. पण युनिटची, म्हणजे आपल्या हिश्श्याची, किंमत बाजारात रोज वरखाली होते आणि मंदीत चांगलीच पडते, ते बघवणार असेल तरच.

घराचा एक छुपा गुण हा की त्याचा भाव रोज मोबाईलवर दिसत नाही, त्यामुळे माणूस घाबरून विकत नाही.

पगारदार३१

चार दिवस घेतले, शीट नव्याने केलं, घरी आईबाबांशी बोललो. काय ठरवलं ते लिहितो, तपासून सांगा.

१०० चं घर सोडून दिलं. एजंटचे फोन येतायत, उचलतोय आणि नाही म्हणतोय.

पुढची दोन वर्षं दर महिन्याला ०.४७ वेगळ्या खात्यात टाकणार, जणू घर घेतलंच आहे आणि खिशातून जातायत असं समजून. आता स्टँडिंग इन्स्ट्रक्शन लावलीय, पगाराच्या दुसऱ्या दिवशी जातात. झेपतंय का तेही कळेल आणि साधारण ११.३ जमतील, म्हणजे २८ चे ३९.३.

तेव्हा ७० च्या आसपासचं छोटं घर बघायचं. नोंदणी वगैरे ५.६, डाऊन पेमेंट ३०, कर्ज ४०. हप्ता ०.३६. उरलेले ३.७ म्हणजे दहा हप्ते, त्यांना हात लावायचा नाही, जुनी_किल्ली ताईंचं लिहिलेलं मी प्रिंट काढून ठेवलंय. हिशेबी यांच्याच पद्धतीने निव्वळ भाडं काढलं तर खिशातून महिन्याला ०.१९ जातील, पगाराच्या साधारण ११ टक्के. दर २ टक्क्यांनी वाढला तरी झेपतंय, बघितलं.

फक्त दोन वर्षांत ते ७० चं घर ८० झालं तर काय, ही धाकधूक आहे.

हिशेबी

शीट बरोबर आहे. धाकधूक साहजिक आहे, पण बघा, ८० झालं आणि भाडंही त्या प्रमाणात वाढलं असेल तर गणित पुन्हा मांडा, थोडं जास्त कर्ज झेपेल. किंमत वाढली आणि भाडं तिथेच असेल तर ते घर दोन वर्षांपूर्वीपेक्षा वाईट सौदा झालंय, ते हुकलं म्हणून वाईट वाटायचं कारण नाही.

दोन वर्षं नुसती घालवू नका. दर महिन्याला दोन घरं बघा, घ्यायची नसली तरी. शंभर घरं बघितली की एकशे एकावं दारातूनच कळतं.

जुनी_किल्ली

पगारदार, वाचून डोळ्यात पाणी आलं. छान केलंत.

पगारदार३१

रविवारी पहिलं घर बघायला जातोय, नुसतं शिकायला म्हणून. आत्ता तिथे भाडेकरू राहतोय आणि मालक म्हणतोय भाडं चांगलं येतं. काय काय बघू?

कौलारू

भाडं चांगलं येतं हे ऐकायचं नाही, मालकाच्या बँक खात्यातल्या मागच्या १२ महिन्यांच्या नोंदी मागायच्या. द्यायला का-कू केलं तर भाडं तेवढं नाहीये. मेंटेनन्सची थकबाकी नसल्याचं पत्र, घरावर बोजा (कुणाचं कर्ज किंवा तारण) आहे का, आणि इमारतीत भाडेकरू ठेवायला काही अट आहे का, हे तिन्ही इमारतीच्या ऑफिसात जाऊन स्वतः विचारा. टायटल, म्हणजे मालकीचे कागद, वकिलाकडून तपासून घ्या, त्यात कंजुषी नको.

शांत_भाडेकरू

आणि मालक फोनवर बोलायला बाजूला गेला की भाडेकरूशी दोन मिनिटं बोला. पाणी किती वाजता येतं, लिफ्ट किती वेळा बंद पडते, शेजार कसा आहे. तो खरं सांगेल, त्याला काही विकायचं नाहीये.

जुनी_किल्ली

बाथरूमच्या मागच्या बाजूची भिंत कुठल्या खोलीत येते ते बघा, तिथे कपाट लावलं असेल तर सरकवायला सांगा आणि भिंतीला तळहात लावून बघा, गार आणि ओलसर लागतेय का. आम्ही कपाट सरकवलं नव्हतं.